जाऊबाईंचं प्रमाणपत्र

जाऊबाई खोकतात हे माझ्या लक्षात आलं तेव्हा कापसाचा हंगाम चालू होता, आणि परतूरमध्ये त्या दिवसांत खोकणाऱ्या माणसाकडे कुणी वळूनही बघत नाही. मोंढ्याच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या उभ्या असतात, जिनिंगमधून कापसाचं तूस उडत असतं, धूळ तर बाराही महिने. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "मिरच्या भाजून राह्यले न मी. ठसका लागणारच." मिरच्या खरंच तव्यावर होत्या. तूस आत येऊ नये म्हणून मी खिडकी ओढून घेतली आणि वरण वाढायला बाहेर गेले.

पण तो ठसका मिरच्यांचा नव्हता, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मिरच्या नसायच्या त्या दिवशीही तो असायचा. दुपारी गर्दी ओसरली की त्या मागच्या अंगणात जायच्या, नळ मोठा सोडायच्या आणि पाण्याच्या आवाजात खोकून घ्यायच्या. नळ बंद झाला की पदरानं तोंड पुसत आत यायच्या. मी भांडी आवरत असल्यासारखं करायची.

आमची खानावळ म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. चार टेबलं, भिंतीला लागून एक लांब बाक, मध्ये पत्र्याचा आडोसा आणि आडोशामागं स्वयंपाक. जाऊबाईंचे मालक, म्हणजे माझे भाया, वारले त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोघींनी ती सुरू केली. माझे यजमान टेम्पोवर असतात, चार-चार दिवस घरी नसतात. बाजार, भाज्या, वरण-भात आणि वाढणं माझ्याकडं. भाकरी मात्र फक्त त्यांची. ज्वारीचं पीठ त्या ज्या हातानं मळतात तो हात मला अजून आलेला नाही. माणसं वाट बघायची, पण त्यांच्याच तव्यावरची भाकरी मागायची.

सुरुवातीला लोक दारात उभे राहून आत बघायचे. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. ती दिसली की काहीजण "अजून एकजण यायचाय, त्याला घेऊन येतो" म्हणून जायचे ते यायचेच नाहीत. मी एकदा म्हणाले, तसबीर आतल्या खोलीत लावू का? जाऊबाई म्हणाल्या, "बिलकुल न्हाई. ज्याला भूक आहे तो बसंल." आणि हळूहळू बसले. कॉलेजातले एक सर, बँकेतला कारकून, मोंढ्यातले हमाल, जिनिंगमध्ये मशीनवर काम करणारे बाहेरगावचे कामगार. तीन वर्षांत वीस-पंचवीस माणसं रोजची झाली. त्यांतली कितीतरी जाऊबाईंना 'मावशी' म्हणायची. म्हणूनच त्या खोकल्याचं नाव काढायला मी धजत नव्हते. एकदा नाव काढलं की पुढचं सगळंच काढावं लागणार होतं.

अन्न सुरक्षा अधिकारी आमच्याकडं आले ते सकाळी अकराच्या सुमाराला. चाळिशीतले, पायात साध्या चपला, खांद्याला पिशवी. गळ्यातलं ओळखपत्र पुढं करून म्हणाले, "जालन्याहून आलोय. तपासणी आहे. तुमचं काम चालू राहू द्या."

काम कुठलं चालू राहतंय. माझ्या हातून मीठ दोनदा पडलं. त्यांनी डब्यांची झाकणं काढून बघितली, कढईतल्या तेलाचा वास घेतला, मोबाईलचा उजेड पाडून मोरीच्या खाली वाकून पाहिलं. पाणी कुठलं भरता, टाकी कधी धुतली, शिळं उरतं त्याचं काय करता. पार्सलसाठी कापून ठेवलेल्या वर्तमानपत्रांची चवड उचलून म्हणाले, "यात काही बांधायचं नाही. शाई पोटात जाते." मी सगळ्याला हो म्हणत होते आणि कान मात्र तव्याकडं होते. जाऊबाई पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. वीस मिनिटं झाली, त्यांनी एकदाही ठसका दिला नव्हता. मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसत होती. शेवटी त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि मागं निघून गेल्या. नळ मोठा झाला.

भाकरी करपायला लागली. मी नळाचा आवाज ऐकत तशीच उभी. अधिकाऱ्यांनीच गॅस बारीक केला.

"त्या कोण?"

"माझ्या जाऊबाई आहेत, साहेब."

"तुम्हा दोघींची वैद्यकीय प्रमाणपत्रं दाखवा."

मला कळलंच नाही कसली. त्यांनी समजावून सांगितलं. जो स्वयंपाक करतो, जो वाढतो, त्या प्रत्येकाची दरवर्षी डॉक्टरकडून तपासणी लागते. संसर्गाचा आजार नाही असं लेखी लागतं. मग त्यांनी बाकावर बसून सुधारणेची नोटीस लिहिली. खिडकीला जाळी, कचऱ्याच्या डब्याला झाकण, पाण्याचा तपासणी अहवाल, दोघींची प्रमाणपत्रं. मुदत पंधरा दिवस. लिहिता लिहिता वर बघून म्हणाले, "खिडकी बंद का ठेवता?"

"तूस येतं साहेब आत."

"जाळी लावा आणि उघडी ठेवा. एवढी माणसं एका खोलीत बसतात, हवा खेळती पाहिजे."

मी चहा टाकला होता. ते नको म्हणाले, ड्यूटीवर कुठंच घेत नाही म्हणाले, आणि गेले.

जाऊबाई आत आल्या. पहिलं काय विचारलं तर, "चहा का घेतला न्हाई त्यानं?"

"ड्यूटीवर कुठंच घेत न्हाईत म्हणले."

"कुठंच घेत न्हाई, का आपल्याकडं घेत न्हाई?"

मला काय माहीत. मी करपलेली भाकरी उचलून बाजूला ठेवली.

त्या पंधरा दिवसांत मी सगळं केलं, एक सोडून. सुताराला बोलावून जाळी बसवली. झाकणाचा डबा आणला. टाकी रिकामी करून आतून घासली. पाण्याची बाटली तपासायला दिली. माझी स्वतःची तपासणी करून घ्यायची होती, पण एकटीनं जायला पाय निघत नव्हता, कारण डॉक्टर विचारणार, दुसऱ्या बाई कुठायत. रोज सकाळी मी म्हणायची, "बाई, आज जाऊन येऊ." त्या म्हणायच्या, "उद्या. आज पीठ दळून आणायचंय." पीठ दळून झालं की पापड. पापड झाले की कुणाच्या तरी घरी पाहुणे. आठव्या दिवशी मी जरा चिडूनच बोलले. त्यांनी परात खाली ठेवली.

"मला काय झालंय म्हणून मी डॉक्टरपुढं उभी राहू?"

"काही न्हाई झालं तर चांगलंच आहे की. लिहून देतील."

"आणि झालं असलं तर? सांग न. आधी फोटू बघून माघारी जात व्हते. आता म्हणतील, बघा, ह्यांच्या घरात रोग आहे. तीन वर्सं लागले मला एकेक माणूस बसवायला. तुला काय, तू नंतर आलीस वाढायला."

मी नंतर आले नव्हते, पहिल्या दिवसापासून होते. पण त्या काय म्हणत होत्या ते मला समजत होतं. त्यांचं ब्लाऊज खांद्यावर सैल झालेलं मला तेव्हा दिसलं. आधीही दिसलं असणार.

रस्त्याच्या पलीकडच्या हॉटेलवाल्यानं मार्ग सांगितला. त्यालाही तशीच नोटीस आली होती. "कशाला डोक्याला ताप करून घेता वहिनी? एकजण आहे, जल्दी काम करतो. जायचं, नावं सांगायची, घेऊन यायचं." मी गेले. हे मी लपवून ठेवू शकले असते, पण मी गेले. एका अरुंद खोलीत टेबलामागं एक गृहस्थ बसले होते. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, वर न बघता दोन कागद भरले, शिक्के मारले. दुसऱ्या बाई कुठं आहेत, एवढंही विचारलं नाही. बाहेर येऊन मी उन्हात उभी राहून वाचलं. जाऊबाईंच्या नावाखाली ओळी होत्या. त्वचारोग, नाही. कावीळ, नाही. क्षयरोग, नाही.

घरी आल्यावर जाऊबाईंनी तो कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. त्या दिवशी त्यांनी न सांगता धपाटे केले, बँकेतल्या कारकुनाची थट्टा केली. मी दोन्ही कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवले. मग वाटलं, तिथं सारखे दिसतात, कपाटात ठेवले. मग वाटलं, साहेब अचानक आले तर सापडायचे नाहीत, परत खिळ्याला. दोन दिवस माझं हेच चाललं होतं. वाढताना मी आमटी चुकून ताटाबाहेर सांडायची. कुणी खोकलं की वाटायचं, ह्याला कधीपासून?

तिसऱ्या दिवशी बँकेतला कारकून बायकोला घेऊन आला. ती माहेरी होती, नुकतीच आली होती, सातवा महिना चालू होता. "मावशी, हिला तुमच्या हातची भाकरी खायचीय, घरी नुसता तुमचाच विषय असतो," तो म्हणाला. जाऊबाई इतक्या हरखल्या की भाकरी घेऊन स्वतः बाहेर आल्या. एरवी त्या आडोशाबाहेर कधी यायच्या नाहीत. ताटात भाकरी ठेवली, पोरीच्या गालावरून हात फिरवला, वाकून विचारायला लागल्या, काय खावंसं वाटतं, कुठला महिना. आणि तिथंच त्यांना उबळ आली. नळ नव्हता, अंगण नव्हतं. त्यांनी पदर तोंडावर दाबला, पण ती थांबेना. ती पोर घाबरून उठली, स्वतःचा पाण्याचा पेला त्यांच्या पुढं धरला. जाऊबाई तिच्या पेल्यानं पाणी प्यायल्या. पेला खाली ठेवला. थोड्या वेळानं बोलता बोलता त्या पोरीनं तोच पेला उचलला.

मी वरणाचं पातेलं घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी तिला थांबवलं नाही. एक शब्द पुरला असता. ती पाणी प्यायली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

ते गेल्यावर मी खिळ्यावरची पिशवी काढली. जाऊबाई तवा धूत होत्या. मी त्यांच्या देखत दोन्ही कागद गॅसवर धरले.

"येडी झालीस का? काय करून राह्यलीस?"

"उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जायचं. तुम्ही आला न्हाई तर मी पुढचं दार लावून घेते, खानावळ बंद. मला न्हाई जमणार हे."

सकाळी मी उठले तर त्या धुवट लुगडं नेसून दारात बसल्या होत्या.

डॉक्टरांनी त्यांना दोन वाक्यं बोलू दिली आणि एक्स-रे काढायला पाठवलं. थुंकी तपासायला दोन डब्या दिल्या. दोन दिवसांनी अहवाल घ्यायला गेलो. टीबी होता. डॉक्टर तरुण होते, पण घाई करत नव्हते. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही, पूर्ण बरं होतं. जाऊबाई ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. मध्येच म्हणाल्या, "माझ्या भाकरीतून लोकांला गेला असंल का हो?"

"भाकरीतून जात नाही, आजी. खोकल्यातून हवेत जातो. बंद खोलीत जास्त."

बंद खोलीत. खिडकी मीच ओढून घेतली होती.

रिक्षात बसताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या मनासारखं झालं." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. आतल्या खोलीत त्यांची खाट टाकली, खिडकी उघडी ठेवली. ताट ठेवलं की घ्यायच्या, गोळ्या माझ्या समोर गिळायच्या, पण तोंडातून शब्द नाही.

चौथ्या दिवशी दवाखान्यातून टीबीचं काम बघणारे आरोग्य कर्मचारी घरी आले. आम्हा घरच्यांची तपासणी झाली, आमचं नीट निघालं. मग त्यांनी वही काढली. "ताई, खानावळीत रोज बसणारे कोण कोण? त्यांनाही तपासायला पाठवा. नावं द्या, मी फोन करतो."

आतून जाऊबाईंचा आवाज आला. चार दिवसांतला पहिला आवाज, पण माझ्यासाठी नव्हता. "भाऊ, तेवढं नका करू. हात जोडते."

त्यांनी वही गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "आजी, एखाद्याला लागला असला आणि त्याला माहीतच नसलं तर?"

मी म्हणाले, फोन नका करू, मीच सांगते. इतके दिवस मी लोकांना सांगत होते की जाऊबाई भोकरदनला लग्नाला गेल्यात. भाकऱ्या माझ्या चालल्या होत्या, कडेला चिरलेल्या, आणि लोक समजून घेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-तेरा माणसं जेवत होती. मी मध्ये उभी राहिले. आधी काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. "जाऊबाई लग्नाला न्हाई गेल्या," मी म्हणाले. "त्यांना टीबी निघालाय. औषध चालू आहे. तुम्ही सगळे ह्या खोलीत बसत व्हता, तर एकदा दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. फुकट होतं. मला आधी शंका आल्ती. मी उशीर केला."

पंखा फिरत होता. एका हमालानं हातातला घास ताटात ठेवला, उठला, हात धुवून बाहेर पडला. त्याच्या मागं अजून दोघं. कुणी शिवी दिली नाही, त्यानं मला बरं वाटलं असं नाही. बँकेतला कारकून पांढरा पडला होता. "माझी बायको इथं आल्ती," तो म्हणाला. मी म्हणाले, "हो. तिला आजच न्या." तो ताट तसंच सोडून गेला.

कॉलेजातले सर शेवटपर्यंत बसून जेवले. जाताना विचारलं, "मावशींना भूक लागते का?" मला रडू आलं ते तेव्हा.

पुढचे दोन आठवडे मी दिवसभर दाराकडं बघत असायची. कारकुनाचा फोन आला, दोघांचंही काही निघालं नाही. पुढं तिचं बाळंतपणही नीट झालं, मुलगी झाली, पण ती दोघं परत कधी आली नाहीत. सरांचं नीट. हमालांतले बहुतेक तपासून आले. एकाचा मात्र निघाला. जिनिंगमध्ये मशीनवर असायचा तो, तिशीतला, भोकरदनजवळच्या पिंपळगाव रेणुकाईकडचा. कोपऱ्यातल्या टेबलावर, आडोशाला लागून बसायचा. त्यालाही दोन महिन्यांपासून खोकला होता आणि तोही तूस म्हणत होता.

मी डॉक्टरांकडं गेले. "त्याला आमच्याकडून लागला का?"

"किंवा तुमच्या जाऊबाईंना त्याच्याकडून. किंवा दोघांना तिसरीकडून. ते आता कुणालाच सांगता येणार नाही, ताई. दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या हे बघा."

मी ते बघायचा प्रयत्न करत होते. तरी रस्त्यानं येताना मनात टेबलं मांडायची, कोण कुठं बसत होतं, कुणाचा खोकला आधी ऐकला. आजवर तो हिशेब मला लागलेला नाही.

अधिकारी दुसऱ्यांदा आले तेव्हा मुदत उलटून आठवडा झाला होता. जाळी बघितली, पाण्याचा अहवाल बघितला, माझं प्रमाणपत्र बघितलं. या वेळचं खरं होतं. "दुसऱ्या बाई?" मी सगळं सांगितलं. शिक्क्याच्या कागदाचंही, तो कुठून आणला तेही सांगितलं, कारण न सांगता उभं राहवेना. मला वाटलं आता लिहितील काहीतरी. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"त्या गृहस्थांचं अक्षर मी ओळखतो," ते म्हणाले. "या रस्त्यावरच्या बऱ्याच फायलींत आहे. जाळलंत ते बरं केलंत. पण कुणाकडून आणलं होतं ते मला लिहून द्याल?"

मी लिहून दिलं. खाली सही केली. पलीकडच्या हॉटेलवाल्यानं त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं. म्हणजे बोलणं सोडणारी दोन माणसं झाली.

जाऊबाई बोलल्या ते त्याच सुमाराला. सकाळी मी कणीक भिजवत होते, मागच्या अंगणातून हाक आली. "अगं ए, लवकर इकडं ये!" मी तशीच पिठाच्या हातानं धावले. त्या न्हाणीच्या दाराशी भिंत धरून उभ्या होत्या.

"गोळ्या सुरू झाल्यापासून लघवी लाल होऊन राह्यली, आज लईच झाली. रक्त जातंय का?"

डॉक्टरांनी मला हे सांगितलं होतं, मी त्यांना सांगायचं विसरले होते. "गोळ्यांचा रंग आहे बाई तो. औषध लागू पडतंय म्हणायचं."

"आधी सांगायला काय झाल्तं?"

"तुम्ही बोलत कुठं व्हता?"

त्यांनी माझा हात धरून उलटा-सुलटा करून बघितला. मग म्हणाल्या, "कणकेत पाणी जास्त झालंय तुझ्या. हाताला बघ कशी चिकटलीय." आणि खाटेवर जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्या खाटेवरून मला सूचना द्यायला लागल्या. पीठ असं मळ, तवा तेवढा तापू देऊ नको. मी चिडायची, आणि चिडता येतंय याचं बरं वाटायचं.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा त्या तव्यापुढं बसल्या. वजन वाढलं होतं, ब्लाऊज पुन्हा घट्ट झालं होतं. सहा महिने पूर्ण झाल्यावर दवाखान्यातून जे प्रमाणपत्र मिळालं ते त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवर लावलं. रोजची माणसं निम्मीच राहिली. काही नवी आली, त्यांना यातलं काही माहीत नाही. कुणी विचारलं तर जाऊबाई सरळ सांगतात, मला टीबी झाल्ता. एकदोघं त्यावरून उठूनही गेले. त्या म्हणतात, "जाऊ दे. दुसरे बसतील."

तो जिनिंगमधला माणूस गोळ्या घेऊन त्याच्या गावी निघून गेला. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, त्याचे कागद भोकरदनकडं पाठवलेत. पुढचं त्यांना माहीत नाही. कुणी म्हणालं तो बरा झाला, कुणी म्हणालं त्यानं गोळ्या मध्येच सोडल्या. बाजाराला म्हणून मी जालन्याला जाते तेव्हा स्टँडवर भोकरदनची गाडी लागलेली असते. मी खिडक्यांमधून माणसं बघत जाते. एकदा एका कंडक्टरला विचारलंसुद्धा, पिंपळगावचा अमुक अमुक माणूस ओळखता का. तो म्हणाला, "बाई, पूर्ण नाव काय त्याचं?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, दोन हंगाम मी त्याला वाढलं आणि त्याचं पूर्ण नाव मला माहीत नाही. गाडी सुटायची होती. मी बाजूला झाले.